फ्लॅट घेताना पायांनाही विचारा

मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी पत्नीसह दवाखान्यात आले. गुरुजींचे वय सदुसष्ट. दहा वर्षांपासून मधुमेह आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात. वहिनींचा रक्तदाब थोडा वर आणि गुडघे कुरकुरणारे. तपासणी झाली, गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता गुरुजींनी पिशवीतून दोन गुळगुळीत रंगीत पत्रके काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "डॉक्टर, हे काही औषधाचे नाही, पण तुमचे मत हवे आहे."

मुलगा पुण्यात कोथरूडला भाड्याच्या घरात राहतो. आईवडिलांनी आता पुण्यालाच यावे असा त्याचा आग्रह. इथले घर विकायचे, फंडाचे उरलेले पैसे घालायचे आणि फ्लॅट घ्यायचा. पहिले पत्रक शहराच्या पार बाहेरच्या मोठ्या गृहसंकुलाचे. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, क्लब हाऊस, दोन बेडरूम. दुसरे सदाशिव पेठेतल्या नव्या इमारतीचे. जुना वाडा पाडून तिथे सात मजले उठले आहेत. तिथेही 'लक्झरी' हा शब्द आहेच, पण तेवढ्याच पैशांत बेडरूम एकच. मुलाचा कल पहिल्याकडे, वहिनींचा दुसऱ्याकडे.

मी त्यांना म्हटले, "गुरुजी, बसा. हा प्रश्न औषधाचाच आहे."

आपल्या जिल्ह्यातून पुण्याला मुलांकडे जाणारी अशी कितीतरी जोडपी आहेत. ती घराचा भाव पाहतात, फरशी पाहतात, दिशा पाहतात. त्या घरात आपला दिवस कसा जाईल आणि आपले पाय किती चालतील, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. म्हणून आजचा लेख याच विषयावर.

न दिसणारा तास

मी गुरुजींना त्यांचा इथला दिवस विचारला. सकाळी दूध आणायला जाणे, मग वाचनालयात वर्तमानपत्र, परतताना भाजी. कधी पिठाची गिरणी, कधी बँक. संध्याकाळी दोघे मारुतीच्या देवळापर्यंत. हे सारे पायीच. हिशेब केला तर रोजचे तासभर चालणे होते. गुरुजींना स्वतःलाच आश्चर्य वाटले. ते म्हणाले, "मी तर व्यायाम करतच नाही!"

हा तास कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो, पण साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. घर बदलले की सगळ्यात आधी हाच तास हरवतो. बाहेरच्या संकुलात दूध दारात येते, भाजी फोनवर येते. साधी सेफ्टी पिन आणायची तरी रिक्षा किंवा मुलाची मोटार लागते. सहा महिन्यांत वजन वाढते, साखर वर जाते आणि माणूस म्हणतो, पुण्याचे पाणी मानवले नाही. बिचाऱ्या पाण्याचा काही दोष नसतो!

संकुलात चालायला खास रस्ता केलेला असतो, हे खरे. जो नेमाने रोज चालेल त्याला तिथेही उत्तम लाभ होईल, शिवाय मोटारींचा त्रास नाही. पण माझा अनुभव असा आहे की कामासाठी चालणे आपोआप टिकते. केवळ व्यायामासाठी चालणे अनेकांचे पंधरा दिवसांत सुटते.

शास्त्र काय सांगते

लंडनमधील डॉ. जेरेमी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे मॉरिस यांनीच असेही दाखवले की ड्रायव्हरांचे गणवेश मुळातच कंबरेला मोठे असत. म्हणजे सगळे श्रेय एकट्या जिन्याला देता येत नाही. परंतु नंतरच्या अनेक अभ्यासांनी हालचाल करणाऱ्याचे हृदय अधिक काळ साथ देते या मताला बळ दिले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. भरभर चालणे हा त्यातलाच प्रकार. पासष्टीनंतर याच्या जोडीला तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असेही त्यात सांगितले आहे. आता हिशेब पाहा. मंडई घरापासून पंधरा मिनिटांवर असेल, तर जाऊन येऊन तीस मिनिटे झाली. आठवड्यातून पाच दिवस गेलात की १५० मिनिटे पुरी. जरा भरभर पावले टाकायची, एवढेच.

मधुमेहींना आणखी एक फायदा आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि जेवणानंतरची वाढ कमी होते. रोज चालणाऱ्याच्या पायांत ताकद राहते, तोल टिकतो. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडणे हे किती घरांचे दुखणे झाले आहे, ते वाचकांना सांगायला नकोच.

पेठेतल्या घराची जमेची बाजू

सदाशिव पेठेसारख्या जुन्या वस्तीत किराणा, औषधांचे दुकान, डॉक्टर, बँक हे सारे थोड्या अंतरात सापडते. टिळक स्मारक मंदिर आणि भरत नाट्य मंदिर याच भागात. १८८६ पासूनची महात्मा फुले मंडई पायी जाण्याजोगी. मंडईला मेट्रोचे भुयारी स्थानकही २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाले आहे.

याचे खरे महत्त्व सत्तरीनंतर कळते. मोतीबिंदू वाढतो, हात कापतात, एके दिवशी मुलगा स्कूटरची किल्ली काढून घेतो. ज्याचे घर वस्तीपासून लांब असते त्याचे त्या दिवशी निम्मे जग बंद होते. ज्याचे दुकान, देऊळ आणि मित्र पायांच्या टप्प्यात असतात तो स्वतंत्र राहतो. भाजीवाली विचारते, "आजोबा, दोन दिवस दिसला नाहीत?" एकट्या पडलेल्या माणसासाठी हे विचारणेही औषधासारखेच असते.

पण तिथे खरोखर चालता येते का?

इथे वहिनींची बाजू घेऊन थांबलो असतो, तर मी अर्धेच सांगितले असते. सगळे जवळ असणे वेगळे आणि तिथवर सुखाने चालत जाता येणे वेगळे. पेठांमधले पदपथ अरुंद. त्यांवर कुठे दुकानाची पाटी, कुठे उभी केलेली दुचाकी. म्हातारा माणूस मग रस्त्यावर उतरतो. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मान्य केले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला, आणि पुढेही हा उपक्रम झाला. चांगली गोष्ट आहे. पण चालणाऱ्यासाठी असा खास दिवस ठेवावा लागतो, यावरूनच एरवीची स्थिती ध्यानात यावी.

दुसरा त्रास आवाजाचा. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागासाठी ती ६५ आणि ५५ आहे. आपले साधे बोलणेच सुमारे ६० डेसिबलचे असते. यावरून भर चौकातल्या खिडकीशी काय होत असेल त्याचा अंदाज करावा. रात्रीच्या आवाजाने झोप तुटते, आणि तुटक झोप रक्तदाबाला चांगली नाही. गणेशोत्सवातल्या मिरवणुका, ढोल आणि ध्वनिक्षेपक यांचाही विचार करावा. कोणाला तो उत्साह हवासा वाटेल, हृदयरुग्णाला नाही.

तिसरा त्रास धुराचा. वाहनांच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी आणि हृदयरोगी यांना ते अधिक बाधतात. वर्दळीच्या रस्त्याच्या अगदी काठावर त्यांचे प्रमाण जास्त, आतल्या गल्लीत तुलनेने कमी. म्हणून पेठ कोणती यापेक्षा खिडकी कोणत्या बाजूला उघडते हे अधिक महत्त्वाचे.

घर पाहायला जाल तेव्हा

गुरुजींना मी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पुढील गोष्टी लिहून दिल्या.

१. घर तीनदा पाहा : सकाळी, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला. रात्री झोपण्याच्या खोलीत दहा मिनिटे गप्प बसून आवाज ऐका.

२. मोटारीतून पाहू नका. हातात पिशवी घेऊन मंडई, औषधांचे दुकान आणि दवाखाना इथे चालत जाऊन या. मिनिटे मोजा. उतारवयात सेकंदाला सुमारे एक मीटर चाल धरली, तर दहा मिनिटांत ६०० मीटर होतात.

३. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? बारा मीटर रुंद रस्त्याला बारा सेकंद लागतात. सिग्नल तेवढा वेळ देतो का? दम लागला तर टेकायला जागा आहे का?

४. लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची शिरते का? स्ट्रेचर नेता येईल का? वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? पायरीविना लिफ्टपर्यंत पोचता येते का?

५. गल्लीत रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब येऊ शकतो का?

६. खोल्यांत ऊन आणि वारा येतो का? दाटीच्या गल्लीत खालचे मजले अंधारे असतात. शिवाय बंद काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. उघडी गच्ची किंवा गॅलरी हवी.

खरी लक्झरी कोणती?

पत्रकातली चकचकीत फरशी दिसायला छान, पण ओली झाली की घातक. न्हाणीघरात खरखरीत फरशी, कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले दांडे, उंबरठा नाही, रात्री पायाशी मंद दिवा आणि बाहेरच्या बाजूने उघडणारे दार, ही साठीनंतरची खरी लक्झरी. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. या सोयींना पोहण्याच्या तलावाच्या मानाने खर्च फार थोडा येतो.

दुसरे, मासिक देखभाल खर्च विचारून घ्या. तलाव आणि व्यायामशाळा तुम्ही वापरा वा न वापरा, पैसे द्यावेच लागतात. नव्या प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक पाहा आणि भाव चटई क्षेत्रावरच मोजा. आणि सारी पुंजी भिंतींत घालू नका. औषधपाण्यासाठी वेगळी रक्कम हाताशी हवी. फ्लॅट हे काही अर्ध्या रात्री मोडता येणारे पैसे नव्हेत.

सर्वांत महत्त्वाचा सल्ला मी शेवटी दिला. इथले घर लगेच विकू नका. आधी त्या भागात अकरा महिने भाड्याने राहून पाहा. त्यात पावसाळाही येईल, गणपतीही येतील आणि मार्च-एप्रिलचे ऊनही. अंगाला कोणते घर मानवते हे पत्रक सांगणार नाही, पाय सांगतील.

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. चिठ्ठीच्या पाठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात नोंदी होत्या. मंडई अकरा मिनिटे. वहिनींना वाटेत दोनदा थांबावे लागले, बसायला जागा कुठेच नाही. रात्री अकराला झोपायच्या खोलीत बसचा आवाज. लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची जात नाही. बाहेरच्या संकुलात आवाज अजिबात नाही, पण औषधांचे दुकान चालत पंचवीस मिनिटे, तेही महामार्गाच्या कडेने.

दोन्ही पत्रके त्यांनी बाजूला ठेवली होती. पेठेतल्याच एका आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जुने पण हवेशीर घर अकरा महिन्यांसाठी भाड्याने ठरवले आहे. लिफ्ट साधी आहे, पण खुर्ची शिरते. इथल्या घराला तूर्त कुलूप.

जाताना वहिनी म्हणाल्या, "मुलगा जरा नाराज आहे, डॉक्टर." मी म्हटले, "वहिनी, त्यालाही एकदा पिशवी घेऊन मंडईपर्यंत चालायला लावा. तो दिवसभर खुर्चीत बसून काम करतो. घराची गरज तुम्हाला असेल, पण चालण्याची त्याला तुमच्यापेक्षा जास्त आहे."