डिश बदलायची की नुसता पॅक?

रिचार्ज संपत आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, ही कंपनी सोडून दुसरी घ्यावी का? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबासाठी या प्रश्नात पैशांइतकाच भाषेचाही हिशेब असतो.

हावडा-मुंबई लोहमार्गावर, रायपूर आणि दुर्ग यांच्या मधोमध भिलाई-३ वसले आहे. एका अंगाला रेल्वेचे विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड आणि चरोदा, दुसऱ्या अंगाला पोलाद कारखान्याची नगरी. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना उभा राहू लागला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे आली. तेलुगू, बंगाली, उडिया, मल्याळी, पंजाबी अशा शेजारामुळे भिलाईला ‘लघु भारत’ म्हणतात ते उगीच नाही. या मांदियाळीत विदर्भातून आलेली मराठी मंडळीही आहेत.

अशा घरांत दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी असते. शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठी उरते ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि संध्याकाळी टीव्हीसमोर. म्हणूनच ‘कंपनी बदलू या’ असे मुलाने म्हटले की सूनबाई विचारते, ‘महिन्याला किती वाचतील?’ आणि आजी विचारते, ‘माझी मालिका दिसेल ना?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र आजीच्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले, तर सूनबाईच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपोआप मिळते.

या मातीला छत्री नवी नाही

उपग्रहावरून टीव्ही पाहण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग ज्या भागांत झाला, त्यांत रायपूरचा परिसर होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या प्रयोगात ‘नासा’चा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. त्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीनेक मीटर रुंद छत्र्या गावोगाव उभ्या राहिल्या होत्या.

मराठी मात्र त्या पडद्यावर यायला फार वेळ लागला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी भिलाईपर्यंत कशा पोचणार? राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागे आणि त्यात कधीतरी मराठीची पाळी येई. दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर आल्यावर चित्र बदलले. एप्रिल २००० मध्ये तिचे ‘सह्याद्री’ असे नामकरण झाले. त्याआधी १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली होती, तीच आजची ‘झी मराठी’. २००० मध्ये ‘ईटीव्ही मराठी’ आली, जी २०१५ पासून ‘कलर्स मराठी’ झाली, आणि २००८ मध्ये ‘स्टार प्रवाह’. पैठणीच्या ‘होम मिनिस्टर’ने तर २००४ पासून २०२४ पर्यंत घराघरांत ठाण मांडले होते. परप्रांतात वाढलेल्या कित्येक मुलांच्या कानांवर घराबाहेरचे मराठी पडले ते याच वाहिन्यांतून.

उपग्रहाला राज्याची हद्द नसते

इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. केबलवाला कोणत्या वाहिन्या द्यायच्या ते आपल्या भागातली मागणी पाहून ठरवतो. मराठी घरे मोजकीच असतील तर मराठी वाहिन्या त्याच्या यादीत नसण्याचीही शक्यता असते. डीटीएचचे तसे नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असलेला उपग्रह सबंध देशावर एकसारखाच प्रक्षेपणाचा झोत टाकतो. पुण्यातल्या छत्रीत जे उतरते तेच भिलाई-३ मधल्या छत्रीतही उतरते.

मग मराठी वाहिनी दिसत का नाही? कारण ती आपल्या पॅकमध्ये नसते. कंपन्या पॅक भाषेप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे बांधतात. छत्तीसगढचा पत्ता सांगितला की विक्रेता सहसा हिंदी पॅक पुढे करतो, आणि त्यात मराठी मनोरंजन वाहिन्या क्वचितच असतात. घरात कुरकुर सुरू होते, ‘ही कंपनीच बेकार.’ दुसरी कंपनी घेतली जाते, तोच हिंदी पॅक लागतो आणि पुन्हा तीच कुरकुर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असे.

आधी पॅक बदलून पाहा

याबाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ‘ट्राय’ने मार्च २०१७ मध्ये काढलेली नवी दरपद्धती १ फेब्रुवारी २०१९ पासून देशभर लागू झाली. त्या दिवसापासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले आणि ग्राहकाला एकेक वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क मिळाला. भाजीबाजारात सबंध टोपलीच घ्या असा आग्रह कोणी धरत नाही, तसेच हे.

बिलाचे दोन भाग असतात. पहिला जोडणीचा, ज्याला ‘नेटवर्क कपॅसिटी फी’ म्हणतात. सुरुवातीला शंभर वाहिन्यांसाठी तो जास्तीत जास्त १३० रुपये होता, १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीनंतर तेवढ्याच रकमेत दोनशे वाहिन्या देणे भाग पडले. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने ही कमाल मर्यादा उठवली. हा आकडा आता कंपनी स्वतः ठरवते, म्हणून तो विचारून घेणे आलेच. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा. १९ रुपयांपेक्षा जास्त किमतीची वाहिनी पॅकमध्ये घालता येत नाही, असा सध्याचा नियम आहे.

तेव्हा कंपनी बदलण्यापूर्वी आठवडाभर एक वही टीव्हीजवळ ठेवावी. कोण काय पाहते ते प्रामाणिकपणे लिहावे. पॅकमध्ये वाहिन्या दीडशे-दोनशे असल्या तरी घरात खरोखर पाहिल्या जातात त्या दहा-बारा, असे बहुतेक कुटुंबांना आढळेल. त्या दहा-बारांची यादी घेऊन आपल्याच कंपनीला फोन करावा. हिंदीचा मोठा पॅक उतरवून छोटा घ्यावा आणि मराठीचा पॅक किंवा सुट्या मराठी वाहिन्या जोडाव्यात. कित्येक घरांचे भांडण इथेच मिटते, तेही छपरावर कोणी न चढता.

पावसात चित्र गेले म्हणून

कंपनी बदलण्याचे दुसरे लोकप्रिय कारण म्हणजे पाऊस. आषाढात आभाळ फाटले की ऐन रंगात आलेल्या मालिकेत पडदा काळा होतो. डीटीएचच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. पूर्वी केबलवाल्याच्या गच्चीवर असत त्या मोठ्या छत्र्या सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या लहरी झेलत, त्यांना पावसाचा त्रास कमी होता. ही अडचण सगळ्याच डीटीएच कंपन्यांची आहे. तेवढ्यासाठी घर बदलले तर गळके छप्पर नव्या घरातही भेटेल.

मात्र दोन थेंब पडताच चित्र जात असेल, तर दोष आभाळाचा नाही. वादळाने किंवा वानराच्या उडीने छत्री बोटभर हलली असेल, जोडात पाणी शिरले असेल, उन्हाने तार तडकली असेल किंवा समोरचे झाड वाढले असेल. कारागिराच्या एका फेरीत हे दुरुस्त होते.

झाडावरून आणखी एक मुद्दा. कंपन्यांचे उपग्रह आकाशात वेगवेगळ्या जागी आहेत. भिलाई-३ मधून पाहिले तर ८३ अंश पूर्व रेखांशावरचा टाटा प्लेचा उपग्रह जवळजवळ थेट दक्षिणेला येतो. डी-टू-एचचा ८८ अंशांवर म्हणजे दक्षिणेपासून थोडा पूर्वेकडे, फ्री डिशचा ९३.५ आणि डिश टीव्हीचा ९५ अंशांवर म्हणजे आणखी पूर्वेकडे, तर एअरटेलचा १०८ अंशांच्या आसपास, पार आग्नेयेपलीकडे झुकलेला. दक्षिणेला शेजाऱ्याचा आंबा किंवा दुमजली भिंत असेल आणि आग्नेय मोकळी असेल, तर कंपनी बदलल्याने खरोखर फरक पडू शकतो. सज्जा पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर कोणतीही कंपनी घ्या, छत्री गच्चीवरच न्यावी लागेल. भाड्याच्या घरात किंवा क्वार्टरमध्ये त्याची परवानगी आधी विचारलेली बरी.

खोका सोबत येत नाही

मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. टीव्हीच्या खोक्याला, म्हणजे सेट-टॉप बॉक्सला, तसे भाग्य लाभलेले नाही. प्रत्येक कंपनीची कुलूपबंद प्रणाली निराळी असते. कोणत्याही कंपनीचे चित्र दाखवू शकेल असा खोका असावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. तरीही एकाचा खोका दुसऱ्याकडे चालेल अशी सोय सामान्य ग्राहकाच्या हाती आलेली नाही. छत्री आणि तार अनेकदा पुन्हा कामी येतात, खोका मात्र माळ्यावर जातो.

म्हणून बचतीचा हिशेब पुरता करावा. समजा, नव्या जोडणीला १८०० रुपये लागले आणि महिन्याला ६० रुपये वाचले, तर घातलेले पैसे वसूल व्हायला तीस महिने जातील. त्याआधीच बदली झाली किंवा दर वाढले तर हात दाखवून अवलक्षण. याउलट महिन्याला दीडशे वाचत असतील, तर वर्षभरात रक्कम सुटते आणि बदल फायद्याचा ठरतो.

दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्याच्या योजनेपासूनही जरा सावध राहावे. हा धंदा स्थिर नाही. २००८ मध्ये आलेली बिग टीव्ही पुढे नाव बदलून चालली आणि अखेर बंद झाली. व्हिडिओकॉन डी-टू-एच मार्च २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. सशुल्क डीटीएचचे ग्राहक २०२० च्या अखेरीस सात कोटींच्या वर होते, ते मार्च २०२५ मध्ये पावणेसहा कोटींच्या आत आले.

फुकटची छत्री आणि इंटरनेटची वाट

मग हे ग्राहक गेले कुठे? काही प्रसारभारतीच्या फ्री डिशकडे गेले. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. एकदा छत्री आणि खोका घेतला की झाले. सह्याद्री तिच्यावर दिसते, छत्तीसगढची दूरदर्शन वाहिनीही दिसते. बातम्या, आषाढीची महापूजा आणि जुनी नाटके यांवर समाधान असलेल्या घराला एवढे पुरते. मात्र खासगी वाहिन्या तिथे लिलावात जागा घेऊन येतात आणि जातात. १ मार्च २०१९ रोजी मोठ्या समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या तिथून काढून घेतल्या होत्या. रोजच्या मराठी मालिकांसाठी या छत्रीवर विसंबता येत नाही.

उरलेल्यांपैकी पुष्कळांनी ब्रॉडबँडची वाट धरली. झी मराठीच्या मालिका ‘झी-५’वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या ‘जिओहॉटस्टार’वर मिळतात. प्रसारभारतीचे ‘वेव्हज’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. घरात मुलांच्या अभ्यासासाठी इंटरनेट आधीच असेल आणि टीव्ही स्मार्ट असेल, तर हा मार्ग स्वस्त पडतो. पण ज्येष्ठांना रिमोटचे दोन आकडे दाबून आपली वाहिनी लावायची सवय असते. पासवर्ड, अपडेट, ‘पुन्हा लॉगिन करा’ हे सारे त्यांच्या दृष्टीने नातवावर अवलंबून राहणेच. नातू दिवसभर कॉलेजात असेल तर दुपारची मालिका बुडालीच. छत्री उतरवण्यापूर्वी महिनाभर दोन्ही सोबत ठेवून आजी-आजोबांना ते जमते का, हे पाहावे.

बदलण्यापूर्वी हे विचारा

• आपल्याला हव्या त्या मराठी वाहिन्यांची नावे घेऊन विचारा, ‘या पॅकमध्ये या सगळ्या आहेत का?’ उत्तर लेखी किंवा मेसेजवर घ्या.
• खोका विकत मिळतो की भाड्याने? परत केल्यास अनामत मिळते का?
• बसवण्याचा आणि कारागिराच्या प्रत्येक फेरीचा खर्च किती?
• सांगितलेल्या दरात कर आणि जोडणी शुल्क धरले आहे का? सवलतीचे महिने संपल्यावर दर काय?
• दुसऱ्या टीव्हीसाठी वेगळे किती?
• जुन्या खात्यात शिल्लक किती आहे? ती संपेपर्यंत थांबता येईल का?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली आणि हिशेब वर्षभरात सुटत असेल, तर खुशाल बदल करावा. कंपनीशी कोणी लग्न लावलेले नसते. पण फक्त मराठी वाहिनी दिसत नाही म्हणून छत्री उतरवायची गरज नाही. ती वाहिनी छपरापर्यंत आधीच आलेली आहे. तिला घरात घेण्यासाठी एक फोन पुरतो.