केडगावच्या वाटेवर, पेशींच्या अंगणात

नवरात्रात पहाटे नगरहून केडगावच्या रेणुकामातेला अनेक जण पायी जातात. शरीर पेशींचं बनलेलं असतं हे आपण शाळेत शिकलो. पण या वाटेवर आपल्याला पेलून नेणारं बरंच काही पेशींच्या बाहेर असतं, घराभोवती अंगण असावं तसं. चला, हे अंगण फिरून येऊ!

१४ लिटरचं अंगण
७० किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं १४ लिटर पेशींबाहेर. रक्तातला पिवळसर प्लाझ्मा त्यात जेमतेम ३ लिटर. बाकीचं बहुतेक पेशींमधल्या फटींत.

घाम खारट का?
पेशींबाहेरच्या पाण्यात सोडियमचं राज्य, आत पोटॅशियमचं. घाम बाहेरच्या पाण्यातूनच तयार होतो, म्हणून खारट. दवाखान्यातल्या साध्या सलाईनमध्येही लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं.

नारळाचा उलटा हिशेब
देवीपुढे फोडलेल्या नारळाच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं, पेशीच्या आतल्यासारखं. त्यामुळे खूप घाम गेल्यावर मीठ घातलेलं लिंबूसरबतही हवंच.

गुडघ्याचं वंगण
निरोगी गुडघ्यात वंगण असतं चमचाभरच. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः याच द्रवातून होतं. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की द्रव शोषते. चाललात, की ती जेवली!

तिपेडी वेणी
त्वचा, कंडरा, कूर्चा यांना बळ देणारं कोलॅजन म्हणजे तीन पेडांची वेणी. तिची रचना १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. ही वेणी घट्ट राहायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून आवळा खावा.

हाडांचा स्लॅब
हाडात कोलॅजन सळईचं काम करतं, कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक सिमेंटचं. दोन्ही पेशींबाहेरचेच.

तरंगता मेंदू
साधारण १४०० ग्रॅमचा मेंदू भोवतीच्या द्रवात तरंगतो, तेव्हा त्याचं वजन ५० ग्रॅमइतकंच भरतं. हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर, आणि दिवसातून तीन-चार वेळा नवा होतो.

रांगेत पाय सुजले?
बराच वेळ उभं राहिलं की हे अंगणातलं पाणी पावलांत उतरतं. त्याला वर चढवायला पोटऱ्यांचं पिळणं फार उपयोगी पडतं. म्हणून दर्शनाच्या रांगेत थांबलात, तर अधूनमधून टाचा उचला, टेका, पुन्हा उचला. पाय हलके होतील.