बर्फाची पिंड आणि दमट वारा

महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी महाराष्ट्रातल्या अनेक शिवमंदिरांत बर्फाची पिंड मांडतात. ब्राझीलच्या नेले आझेवेदो यांनी 2009 साली बर्लिनच्या एका चौकात पायऱ्यांवर बर्फाची हजारभर माणसे बसवली, त्यांची जगभर कलाकृती म्हणून चर्चा झाली. पिंडीला तसे सहसा कोणी म्हणत नाही. माल तोच, शेवटही तोच.

पिंडीसाठी लादी येते ती बर्फाच्या कारखान्यातून. तिथे पाण्याचे डबे अतिगार मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात आणि पाणी कडांकडून आत गोठत जाते. बर्फाचा स्फटिक विरघळलेली हवा आणि क्षार सामावून घेत नाही, पुढे ढकलतो. म्हणून लादीचा गाभा पांढुरका दिसतो. काचेसारखा बर्फ हवा असेल, तर गोठताना पाणी हलते ठेवावे लागते.

शून्य अंशाच्या 1 ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला सुमारे 334 जूल उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापले असते. ही सुप्त उष्णता ओळखली ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी, 1760 च्या सुमारास. थंडी सरली तरी डोंगरावरचे हिम एका दिवसात वाहून जात नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर ते अडले होते. हे सांगणारी त्यांची व्याख्याने मात्र छापली गेली 1803 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. शाळेत सूत्र पाठ होते, ब्लॅक यांचे नाव नाही.

आता अशी एक लादी कोकण किनाऱ्यावरच्या हेदवीला, बामणघळ नावाच्या घळीजवळच्या उमामहेश्वर मंदिराच्या सावलीत ठेवली आहे असे धरू. ऊन नाही, तरी ती झपाट्याने वितळेल. कोकम सरबताच्या गार पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसेच समुद्रावरच्या हवेतले बाष्प लादीवर जमते आणि जमताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2500 जूल सोडते. म्हणजे 1 ग्रॅम दव सातएक ग्रॅम बर्फ वितळवते. ढोबळ हिशेब केला, तर सावली आणि वारा सारखे असताना मे महिन्यातली 33 अंशांची दमट हेदवी 44 अंशांच्या कोरड्या नागपूरपेक्षा बर्फ लवकर संपवते. पाऱ्यावर विसंबणाऱ्याला हे पटायला जड जाते.

लादीभोवती गोणपाट आणि लाकडाचा भुसा घालतात तो ही हवा अडवण्यासाठीच. पंखा नेमके उलटे करतो, बर्फाला चिकटलेला गार थर उडवून नवे बाष्प आणून देतो. गर्दीला उकडत असले, तरी पिंडीच्या दिशेने पंखा सोडू नये.