लोखंडाच्या अंगावरचा आकडा

ग्वाल्हेरहून झाशीकडे निघालेली गाडी आधी सिथौली नावाच्या छोट्या स्टेशनावरून जाते. रेल्वेचा स्प्रिंग कारखाना याच सिथौलीला आहे. प्रवासी डब्याखालच्या बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, ज्या जाडजूड वेटोळ्या स्प्रिंगा असतात, त्या इथे बनतात. अशी स्प्रिंग घडवायची म्हणजे आधी मिश्र पोलादाची सळई लालभडक तापवून दांड्याभोवती गुंडाळायची आणि तेलात विझवायची. मग पुन्हा बेताने शेकून तिचा ठिसूळपणा काढायचा, दोन्ही टोकं घासून सपाट करायची, बारीक पोलादी छऱ्यांचा मारा द्यायचा आणि शेवटी भाराखाली दाबून तिची परीक्षा घ्यायची.

या परीक्षेचा निकाल रंगाने लिहितात. ठरलेल्या भाराखाली स्प्रिंग किती उंच राहते, त्यावरून जुन्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) पद्धतीच्या डब्यांच्या स्प्रिंगांचे ए, बी आणि सी असे गट पडतात. ए पिवळा, बी गडद निळा आणि सी हिरवा. एका बोगीत एकाच गटाच्या स्प्रिंगा बसवायच्या, म्हणजे डबा एका अंगाला कलत नाही. पद्धत साधी आहे आणि कामगाराला लांबूनही कळते. पण रंग फक्त गट सांगतो. उद्या एखादी स्प्रिंग मोडली तर ती कोणत्या महिन्यातली, पोलादाच्या कोणत्या ओतातली, तिच्याबरोबर भट्टीतून निघालेल्या इतर स्प्रिंगा आज कोणत्या डब्यांखाली आहेत, हे रंगाला सांगता येत नाही. त्यासाठी अंगावर आकडा लागतो, आणि तो डब्याच्या आयुष्यभर टिकावा लागतो.

कारखान्यांत हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या ठोकूनच घातला गेला. पोलादी पंचाचा एकेक आकडा जॉबवर, म्हणजे घडवलेल्या वस्तूवर, धरायचा आणि वर हातोडा मारायचा. त्याला ‘नंबर पंच करणे’ म्हणतात. पंच स्वस्त आहे, त्याला वीज लागत नाही आणि त्याचा ठसा खोल जातो. अडचण वेगाची आणि हाताची. आकडे वाकडे पडतात, ३ आणि ८ यांत गफलत होते, आणि दिवसाला हजारो जॉब निघत असतील तर प्रत्येकावर वेगळा आकडा मारणं माणसाला झेपत नाही. म्हणून मग एका लॉटला एकच नंबर देऊन भागवलं जातं.

पुढची पायरी डॉट-पीन यंत्राची. टोकदार कठीण सुई भराभर वर-खाली होते आणि ठिपक्या-ठिपक्यांनी आकडा उमटवते. लग्नमुंजीच्या आहेरातल्या स्टीलच्या भांड्यांवर थरथरत्या सुईने नाव घालून देणारा दुकानदार आठवा. डॉट-पीन म्हणजे त्याच कामाची संगणकाने हाकलेली आवृत्ती.

लेझर मात्र धातूला हातही लावत नाही. आज कारखान्यांत बहुधा फायबर लेझर वापरतात. यिटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेच्या बारीक तंतूत हा प्रकाश तयार होतो. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे तो डोळ्यांना दिसत नाही. धोकाही तिथेच आहे. न दिसणारा किरण परावर्तित होऊन डोळ्यात गेला तर पडदा जळतो, म्हणून यंत्र बंदिस्त हवं किंवा चालवणाऱ्याला त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा हवा. साधा काळा गॉगल चालत नाही. धातूचा धूर ओढून घेणारा पंखाही तितकाच गरजेचा. लहान वर्कशॉपांत या दोन गोष्टींवर पैसे वाचवण्याचा मोह होतो, आणि तो महागात पडू शकतो.

वीस वॅटचा लेझर म्हटलं की हसू येईल. घरातला एलईडी दिवाही त्याच्या जवळपास असतो. पण हा प्रकाश सलग येत नाही. सेकंदाला वीस हजार ठोके धरले तर एका ठोक्यात एक मिलिज्यूल ऊर्जा येते. तो ठोका जेमतेम शंभर नॅनोसेकंद टिकतो, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती ताकद दहा किलोवॅटच्या घरात जाते. ही सगळी ताकद केसाहून बारीक ठिपक्यात एकवटली की पोलाद वितळतं आणि त्याची वाफ होते. ठिपका फिरवायला दोन चिमुकले आरसे असतात. एक आडवा हलवतो, दुसरा उभा. जॉब जागचा हलत नाही आणि आकडा काही सेकंदांत, अनेकदा त्याहूनही लवकर उमटतो. पुढच्या जॉबवर पुढचा आकडा संगणक आपोआप घालतो. इथून पुढे लॉटला एक नंबर देण्याची सबब उरत नाही.

त्याच यंत्राने, ताकद आणि वेग बदलून, वेगवेगळ्या जातीच्या खुणा करता येतात. धातू उडवून खोल कोरता येतं. नुसता पृष्ठभाग वितळवून खरखरीत करता येतो. किंवा धातू न काढता फक्त तापवायचा, म्हणजे पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर चढून काळी खूण उठते आणि बोट फिरवलं तर खाच लागत नाही. शस्त्रक्रियेच्या हत्यारांना ही तिसरी रीत आवडते, कारण खाच नाही तर घाण साचायला जागा नाही. मात्र तिथेही जास्त तापवलं की स्टेनलेसचं संरक्षक कवच बिघडतं आणि नेमका खुणेवरच गंज धरतो.

स्प्रिंगच्या बाबतीत हे गणित आणखी नाजूक होतं. गाडी धावताना स्प्रिंग लाखो वेळा दबते आणि सुटते. तिचा तडा बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून सुरू होतो, तोही वेटोळ्याच्या आतल्या बाजूला, जिथे ताण सर्वांत जास्त असतो. खोल कोरलेला आकडा हाही शेवटी ओरखडाच. लेझरने वितळून पुन्हा गोठलेला थर कठीण आणि ठिसूळ असतो, त्यात सूक्ष्म चिरा असू शकतात. म्हणून आकड्याची जागा टोकाच्या निष्क्रिय वेढ्यावर, भार न घेणाऱ्या भागात. क्रमाचाही पेच आहे. छऱ्यांच्या माऱ्याआधी उथळ खूण केली तर मारा ती पुसून टाकतो, आणि माऱ्यानंतर भलत्या जागी केली तर माऱ्याने पृष्ठभागाला दिलेलं बळ त्या जागी नाहीसं होतं. ओळख पटवण्यासाठी घातलेला आकडाच वस्तू मोडायला कारण होऊ नये, ही या कामातली पहिली अट.

खूण किती टिकेल हे ती कशावर आणि किती खोल आहे यावर ठरतं. ग्वाल्हेरला याचा एक जबरदस्त दाखला आहे. किल्ल्याच्या चढावर अखंड खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रोजच्या माळांची संख्या ५० नोंदवली आहे. या दोन्ही आकड्यांत आजच्यासारखं वाटोळं शून्य आहे. भारतातल्या, काळ पक्का ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांत त्याची गणना होते. साडेअकराशे वर्षांनंतरही ते वाचता येतं. देणगीचा हिशेब कोणी बदलू नये म्हणूनच तो दगडात गेला होता.

बदलता न येणं, हीच आजच्या आकड्याचीही कसोटी. माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रस्ता-करातल्या सवलतीमुळे गाड्यांची मोठी विक्री होते. त्यातल्या प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर सतरा खुणांचा चेसिस नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. एम-ए-टी ने सुरुवात असेल तर गाडी टाटा मोटर्सची, एम-ए-३ असेल तर मारुती सुझुकीची. नोंदणीच्या अर्जावर या नंबरचा पेन्सिलने घासून छाप घेण्याची रीत आहे. छाप उठायला आकड्याला खोली लागते.

खोलीचा आणखी एक फायदा चोरांना माहीत नसतो. पंचाने ठोकलेला नंबर घासून सपाट केला तरी त्याखालचं पोलाद दबलेलं राहतं. त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण लावलं की दबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा वर येतो. लेझर धातू दाबत नाही, म्हणून त्याची उथळ खूण घासली की मागे फारसं काही उरत नाही. जिथे चोरीची भीती, तिथे पंच, डॉट-पीन किंवा खोल कोरीव लेझर हेच योग्य, आणि याबाबत तडजोड नको.

आकडा साक्ष कशी देतो, हे ग्वाल्हेरच्या इतिहासातल्या एका भयंकर घटनेशीही जोडलेलं आहे. महात्मा गांधींच्या हत्येत वापरलेलं बेरेट्टा पिस्तूल ग्वाल्हेरमधून मिळवलेलं होतं. लाल किल्ल्यातल्या खटल्याच्या कागदांत ते ६०६८२४ या क्रमांकानेच ओळखलं जातं.

सदोष माल शोधून काढायलाही आकडाच लागतो. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधले इन्फ्लेटर फुटू लागले, तेव्हा जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर माघारी बोलावावे लागले. आपली गाडी त्यात आहे का, हे मालकांना चेसिस नंबर टाकूनच कळलं.

भारतीय रेल्वेत मालगाडीच्या वाघिणीला अकरा आकडी ओळख आहे. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अनुक्रमाचे आणि शेवटचा चूक पकडणारा. पण ज्या रुळांवरून ती धावते, त्यांना स्लीपरशी जखडणाऱ्या क्लिपला स्वतःचा वेगळा क्रमांक नसतो. रेल्वे वर्षाला सुमारे दहा कोटी अशा क्लिपा, पाच कोटी लायनर आणि साडेआठ कोटी रबरी पॅड विकत घेते. २०२५ च्या स्मार्ट इंडिया हॅकाथॉनमध्ये रेल्वेने तरुण अभियंत्यांपुढे हेच काम ठेवलं: या सुट्या भागांवर लेझरने क्यूआर कोड उमटवायचा आणि तो मोबाइलने वाचला की पुरवठादार, लॉट, तारीख आणि हमीची मुदत समोर यायला हवी.

कल्पना उत्तम आहे आणि ती लवकर रुळांवर यायला हवी. क्लिप मात्र उघड्यावर राहते. ऊन, पाऊस, गंज, ग्रीस आणि घाण सगळं तिच्यावर बसतं. क्यूआरमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते, सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी तो वाचता येतो, पण गंजाचा पापुद्राच सुटला तर ती सोय संपते. शिवाय रोज रुळांवरून पायी जाऊन एकेक क्लिप तपासणारा की-मॅन हातोडा घेऊन चालतो, त्याच्या हाती प्रयोगशाळेतला कॅमेरा नसतो. म्हणून रेल्वेने आणि पुरवठादारांनी कोडाशेजारी निर्मात्याचं चिन्ह, वर्ष आणि लॉट नुसत्या डोळ्यांनी वाचता येतील अशा ठळक, खोल आकड्यांत घालावेत, आणि ते भार न घेणाऱ्या जागीच घालावेत.