विश्लेषण : ऊस देवळाली प्रवरात, मग कोयता पाथर्डीतून का येतो?

दिवाळी सरली की देवळाली प्रवरा परिसरात उसाच्या फडांजवळ कोप्या उभ्या राहू लागतात. तोडणीला येणारी अनेक कुटुंबे बीडची असतात, काही याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावची. एकाच जिल्ह्यात सहा-सहा महिन्यांचे हे स्थलांतर का होते?

पाणी कोणाकडे?

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर बागायत वाढली. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे राहुरीसह आसपास आणखी कारखाने उभे राहिले. पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार, पाटोदा हा पट्टा मात्र कमी पावसाचा, बहुतांश जिरायती. बाजरी, कापूस निघाला की शेतात फारसे काम उरत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तोडणीला जाण्याची वाट अधिकच रुळली.

स्थानिक मजूर का नाहीत?

तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही, तर वजन आणि साखर उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे पहाटे फडात उतरणारी आणि रात्री-अपरात्री गाडी भरून देणारी टोळी लागते. फडाशेजारी राहणारा, अंगावर उचल असलेला मजूर त्यासाठी सोयीचा ठरतो.

उचल म्हणजे काय?

हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', आणि हिशेबही जोडीचाच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, एका जोडीने १ लाख रुपये उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. दिवसाला दोन टन धरले, तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने. मधे आजारपण आले किंवा अवकाळी पावसाने फड थांबला, तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. त्यामुळे गावाकडे पाऊस चांगला झाला, तरी अनेकांना निघावेच लागते.

सरकारी आकड्यांत हे दिसते का?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदले गेले. त्यात लग्नामुळे गाव सोडलेल्या महिलांचा वाटा सर्वांत मोठा. जनगणना जन्मस्थान आणि आधीचे राहते ठिकाण विचारते. दरवर्षी जाऊन परतणाऱ्यांची हंगामी ये-जा त्यात नीट पकडली जात नाही.

मुलांचे काय?

हंगाम ऐन शाळेच्या दिवसांत येतो. मुले गावातच राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण घरी सांभाळायला आजी-आजोबा नसतील, तर लहान मुले आई-बापांसोबत कोपीवरच येतात आणि मोठी बहीण धाकट्यांना सांभाळते. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आहेत.

यंत्र आले तर?

तोडणी यंत्रांना राज्य सरकार अनुदान देते आणि मोठ्या सलग फडांत ती दिसू लागली आहेत. यंत्र वाढेल तशी कोयत्यांची मागणी घटेल आणि त्याबरोबर मिळणारी उचलही. पेरणी, दवाखाना, मुलीचे लग्न असे खर्च आज त्याच पैशांतून भागतात. पाथर्डी-आष्टीच्या जिरायत गावांत पाणी किंवा बाराही महिने काम पोहोचले नाही, तर ही कुटुंबे ऊस सोडून वीटभट्टी किंवा पुण्यातल्या बांधकामांची वाट धरतील.