चकती हातांत कशी धरावी?

कोणत्याहि साधनाचें काम पकडीवर अवलंबून असतें. बोरू नीट धरतां आल्याशिवाय अक्षर वळत नाहीं. विटी-दांडू खेळणाऱ्या मुलाला दांडू कोठें धरावा, हें दोन टोल्यांत आपोआप कळून येतें. डिस्क गोल्फ नांवाचा जो अमेरिकेंतील खेळ आहे, त्यालाहि हाच नियम लागू पडतो.

गोल्फमध्यें चेंडू काठीनें टोलवून खळग्यांत घालावयाचा असतो. येथें काठी नाहीं आणि चेंडूहि नाहीं. प्लॅस्टिकची, सुमारें २१ सेंटिमीटर रुंदीची आणि बहुधा १५० ते १८० ग्रॅम वजनाची चकती हातानें फेकावयाची. सांखळ्या लोंबत असलेल्या टोपलींत ती पडली म्हणजे एक टप्पा संपला. असे बहुधा अठरा टप्पे कमीत कमी फेकींत पुरे करील तो विजयी. या खेळाचें पहिलें कायमचें मैदान १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह पार्क या बागेंत एड हेड्रिक यांनीं आंखलें. १९७६ सालीं खेळाडूंची संघटनाहि त्यांनींच स्थापिली. तिच्या स्पर्धांत चाळीस, पन्नास, साठ, सत्तर अशा वयांचे निराळे वर्ग असून वृद्ध माणसेंहि चुरशीनें खेळतात. म्हणूनच हात न दुखवितां चकती कशी धरावी, या प्रश्नाला महत्त्व आहे. पकड चुकली तर तरुणाची फेक बिघडते. वडीलधाऱ्या खेळाडूचा मात्र खेळच थांबतो.

बॅकहँड म्हणजे उलट्या हाताची फेक. उजव्या हाताचा खेळाडू उजवा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो, चकती छातीवरून डावीकडे मागें नेतो, आणि तेथून सरळ रेषेंत पुढें ओढून सोडतो. चकतीला या वेळीं दोन गोष्टी मिळावयास हव्यात, वेग आणि गिरकी. भोवरा जोरानें फिरत असतो तोंवर आरीवर ताठ उभा राहतो, आणि गिरकी मंदावतांच डुलूं लागतो. चकतीचेंहि तसेंच आहे. गिरकी कमी पडली कीं ती हवेंत डळमळते. ही गिरकी तिला अखेरच्या निमिषांत, बोटांतून हिसडा बसून सुटतांना मिळते. हात कितीहि जोरानें फिरला, तरी त्या निमिषांत बोटें ढिलीं पडलीं तर सारे श्रम व्यर्थ होत.

सोयीची पकड म्हणजे सैल पकड, अशी पुष्कळ नवशिक्यांची समजूत असते. उलट, कित्येक जण एखाद्या नामांकित खेळाडूचें छायाचित्र पाहून तशींच बोटें वळवितात आणि चकती आरंभापासून आवळून धरतात. दोन्ही मार्ग चुकीचे होत. सैल हातांतून चकती लौकर निसटते. आवळलेल्या मुठीमुळें मनगट ताठरतें, आणि ताठर हात चपळपणें फिरत नाहीं. जी आरंभीं बेताची घट्ट, सुटण्याच्या क्षणीं पुरती घट्ट, आणि दोन्ही वेळीं न दुखणारी, तीच सोयीची पकड.

पकडीचे मुख्य प्रकार तीन. पहिली मुठीची पकड. तींत आंगठा चकतीच्या पाठीवर, कांठाजवळ राहतो, आणि चारी बोटें खालून वळून त्यांचीं टोकें कांठाच्या आंतल्या भिंतीला टेकतात. जोर हिच्यांत सर्वांत अधिक मिळतो, म्हणून लांबच्या फेकीला ही वापरतात. दुसरी पंख्याची पकड. तींत तर्जनी कांठाशीं ठेवून बाकीचीं बोटें चकतीच्या पोटाखालीं पंख्याच्या काड्यांसारखीं पसरलेलीं असतात. जोर कमी, परंतु चकतीचा तोल हाताला नीट कळतो. जवळच्या नेमक्या फेकीला ही उत्तम. तिसरी या दोहोंमधली. तींत तर्जनी मुठीप्रमाणें आंत वळलेली, आणि बाकीचीं बोटें थोडीं पसरलेलीं असतात. मध्यम पल्ल्याला ही पुरते.

यांपैकीं कोणती पकड कोणाला सोयीची, हें खेळाडूचा हात आणि चकतीचा कांठ हे दोन मिळून ठरवितात. पूर्वीच्या चकत्यांचा कांठ बोथट असे. १९८३ सालीं उतरत्या धारेच्या कांठाची चकती निघाली, आणि पुढें लांब पल्ल्याच्या चकत्यांचे कांठ रुंद होत गेले. टोपलीजवळ वापरावयाच्या चकतीचा कांठ सुमारें एक सेंटिमीटर, तर वेगवान चकतीचा दोहोंहून अधिक असतो. नियमानें कमाल मर्यादा २.६ सेंटिमीटर आहे. लांब बोटांच्या माणसाला रुंद कांठ सहज कवळतां येतो. आंखूड बोटांच्या माणसानें मात्र हट्ट न करितां अरुंद कांठाची चकती घ्यावी. जोडा पायाच्या मापानें घ्यावयाचा असतो. करंगळी अवघडत असेल तर ती मोकळी सोडून तीन बोटांनीं चकती धरण्यासहि हरकत नाहीं.

निवड करितांना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली मनगटाची. हस्तांदोलनासाठीं पुढें केल्यासारखा हात धरून चकती घ्यावी; चकतीची सपाटी आणि कोपरापुढचा हात एका रेषेंत यावयास हवेत. चकतीची पुढची कड वर उचललेली राहिली, तर ती हवेंत चढते, वेग गमावते आणि जवळच पडते. झारीनें रोपांना पाणी घालतांना मनगट जसें किंचित् खालीं झुकतें, तसें तें झुकविल्यानें हा दोष जातो. दुसरी कसोटी ओढीची. सोबत्यास चकतीची दुसरी कड धरून हळूच ओढावयास सांगावें. ती तर्जनी आणि आंगठा यांच्या चिमटींतून सर्वांत शेवटीं सुटावी. आधींच घसरली तर त्या चिमटीचा दाब अपुरा आहे असें समजावें. तिसरी कसोटी प्रत्यक्ष फेकीची. उजव्या हाताच्या खेळाडूची चकती वारंवार उजवीकडे जात असेल, तर ती हातांत उशिरापर्यंत अडकते. डावीकडे जात असेल, तर लौकर निसटते. एकाच पकडीनें निदान दहा वेळां फेकून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये, कारण एखाद्या फेकीचा दोष पावलांचाहि असूं शकतो.

हात घामट असला किंवा चकती दंवानें ओली असली तर कोणतीहि पकड फसते. म्हणून जाणते खेळाडू टॉवेल जवळ बाळगतात. नव्या पकडीनें बोटांच्या टोकांची कातडी प्रथम हुळहुळते, आणि सवयीनें तें कमी होतें. परंतु बोटाच्या सांध्यांत, मनगटांत किंवा कोपराशीं कळ येऊं लागली, तर तीहि सवयीनें जाईल असें मानूं नये. ती पकड सोडावी, रुंद कांठाची चकती बाजूस ठेवावी, आणि कळ राहिलीच तर डॉक्टरांस दाखवावें. फेक दहा पावलें तोकडी पडली तरी बिघडत नाहीं. हात शाबूत राहिला तर उद्यांचा खेळ उरतो.

पकड खरोखर जमली याची खूण एकच आहे. खेळणाऱ्याला तिची आठवण राहत नाहीं. त्याची नजर बोटांवरून उठून दूरच्या टोपलीवर स्थिर होते.