बोली कुणाची? : गावची निवडणूक, व्यासपीठ आणि खर्चाचा हिशेब

निवडणूक म्हणजे मतदान, अशी आपली समजूत करून देण्यात आली आहे. ठरल्या दिवशी रांगेत उभे राहावे, बोटाला शाई लावून घ्यावी, बटन दाबावे आणि घरी यावे. लोकशाही पार पडली! परंतु मत देण्याआधी मत बनावे लागते, आणि ते बनायचे तर सगळ्या उमेदवारांचे म्हणणे कानावर पडावे लागते. हे म्हणणे गावात कुठे ऐकू येते, कुणाच्या ओट्यावरून ऐकू येते आणि त्या लाउडस्पीकरचे भाडे कोण भरतो, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. ह्या लेखात तोच विचारायचा आहे.

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. तेथे काही विपरीत घडले म्हणून नव्हे. सोयाबीन-तुरीवर आणि मजुरीवर जगणाऱ्या वऱ्हाडातील असंख्य गावांपैकी ते एक आहे, म्हणून. समजा, अशा गावात अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव असलेल्या जागेवर एक शेतमजूर बाई उभी राहिली. सर्वसाधारण उमेदवाराला सदस्यपदासाठी ५०० रुपये अनामत भरावी लागत असेल, तर राखीव प्रवर्गातील उमेदवाराला १०० रुपये पुरतात. म्हणजे निवडणुकीच्या दारात शिरताना कायद्याने तिला सवलत दिली. पण दारातून आत गेल्यावर काय? पत्रके, लाउडस्पीकर, फिरायला गाडी, कार्यकर्त्यांचा चहा, आणि सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस असतील तर बुडालेली मजुरी! उभे राहण्याची किंमत कायद्याने कमी केली. ऐकले जाण्याची किंमत मात्र बाजारावर सोडून दिली. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

मालमत्ता आणि मत ह्यांचे नाते जुने आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मताधिकाराचा प्रश्न मांडला, तेव्हा मत हे सारा भरणाऱ्याचे आणि मालमत्ता असणाऱ्याचे होते. अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा आणि त्यांना त्यांचे प्रतिनिधी द्या, ही त्यांची मागणी होती. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हाही, नुसत्या मताधिकाराने गावातील अल्पसंख्य दलिताला संरक्षण मिळत नाही, त्याला राखीव जागा हव्यात, हे त्यांनी बजावले. प्रौढ मताधिकार संविधानाने आला. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींतील लोकसंख्येच्या प्रमाणातील राखीव जागा संविधानात लिहिल्या गेल्या. १९९४ साली महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. मत मिळाले, जागा मिळाली. व्यासपीठ मात्र अजून मिळायचे आहे.

आता पैशाचे नियम पाहू. उमेदवाराने किती खर्च करावा ह्याची मर्यादा राज्य निवडणूक आयोग ठरवितो. २०१७ साली, थेट सरपंच निवडीची पद्धत आली तेव्हा, सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५,००० आणि सरपंचपदाच्या उमेदवाराला ५०,००० रुपये; अकरा ते तेरा सदस्यांच्या ठिकाणी ३५,००० आणि १,००,०००; पंधरा ते सतरा सदस्यांच्या ठिकाणी ५०,००० आणि १,७५,००० रुपये, अशी ही मर्यादा होती. आयोग हे आकडे वेळोवेळी बदलतो. म्हणून प्रत्येक निवडणुकीला ताजा आदेश तहसील कार्यालयातून मागून घ्यावा, ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

मर्यादा ही वरची रेघ आहे. ती श्रीमंताला थांबविण्यासाठी ओढलेली असते. गरिबाला वर उचलण्याची ताकद तिच्यात नाही. आणि श्रीमंताला तरी ती थांबविते का? ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती पॅनेलची होते. पॅनेल हा काही नोंदलेला पक्ष नव्हे. पण मंडप त्याचा, गाड्या त्याच्या, जेवणावळी त्याच्या. हा खर्च कुणाच्या खात्यावर लिहायचा? ही पळवाट गावाने शोधून काढलेली नाही, ती दिल्लीहून आलेली आहे. १९७४ साली कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यावर धरला पाहिजे. हा निकाल लागताच सरकारने वटहुकूम काढून कायदा बदलला आणि पक्षाचा व मित्रमंडळींचा खर्च मोजणीबाहेर काढला. ही सूट पुढे २००३ साली बरीचशी आवळण्यात आली. लोकसभा-विधानसभेच्या कायद्याची ही कहाणी; पण ‘खर्च माझा नाही, माझ्या माणसांचा आहे’ हे वाक्य गावोगावी पोचायचे ते पोचलेच.

अशा परस्पर खर्चाला कायद्यात उत्तर नाही असे नाही. भारतीय दंडसंहितेत १९२० साली निवडणुकीच्या गुन्ह्यांचे प्रकरण घालण्यात आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत आले आहे. त्यातील १७६वे कलम असे की, उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून कुणीही त्याच्या निवडीसाठी जाहीर सभा, जाहिरात वा अन्य प्रकारे खर्च केला तर तो गुन्हा आहे. जुन्या कायद्यात दंड ५०० रुपयांपर्यंत होता, आता तो १०,००० पर्यंत आहे. मात्र एक सूट जुन्या कायद्यातून जशीच्या तशी आली आहे : परवानगीवाचून केलेला खर्च दहा रुपयांच्या आत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता घेतली, तर गुन्हा नाही. १९२० सालचे दहा रुपये आजही दहाच आहेत! तेव्हा त्यात एखादी सभा निघाली असती, आज दोन कप चहा होत नाही. त्याच प्रकरणात लाचेची व्याख्या आहे, आणि खाऊपिऊ घालणे हाही लाचेचाच एक प्रकार मानला आहे. पण त्याला शिक्षा फक्त दंडाची. मटणाच्या पंगतीला कायदा लाच म्हणतो आणि दंडावर सोडतो. पंगत घालणाऱ्याला हे ठाऊक असते. पंगतीला बसणाऱ्याला ठाऊक नसते.

पैसा शेवटच्या टोकाला गेला की काय होते, हे जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याची, खोंडामळीची ४२ लाखांची असल्याची वार्ता होती. दोन्ही ठिकाणी कारण मंदिराचे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. मराठीत ‘बोली’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत : माणसाची भाषा, आणि लिलावात पुकारलेली किंमत. जेथे दुसरी बोली लागते तेथे पहिली बोली बंद पडते. उघड लिलाव आयोगाला दिसला म्हणून निवडणूक रद्द झाली. परंतु पाराखाली चार कर्त्या पुरुषांनी बसून ‘गाव बिनविरोध करू’ म्हणावे आणि मजूर बाईने अर्ज मागे घ्यावा, हा लिलाव कुठे नोंदला जातो? गावाची एकी ह्या गोंडस नावाखाली जे घडते, त्यात कोण बोलले आणि कोण गप्प बसले, हे आपण पाहिले पाहिजे. बिनविरोध निवड प्रत्येक वेळी दडपशाहीच असते असे नाही. पण जिथे बोलण्याची जागाच नव्हती, तिथल्या मौनाला संमती म्हणता येत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला अर्ज भरू न देणे, मागे घ्यायला लावणे, विशिष्ट उमेदवाराला मत द्यायला भाग पाडणे, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१६ साली अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे, हेही कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे.

ह्यावर एक उपाय गावाच्या हातात आहे : सर्व उमेदवारांचे एक सामायिक व्यासपीठ. एक संध्याकाळ, एक मंडप, एक लाउडस्पीकर. प्रत्येकाला सारखा वेळ. आणि समोर सगळे गाव. ज्याच्याकडे गाडी आहे त्याची गाडी येथे कामाची नाही. ज्या बाईला पाच हजारांचा मंडप परवडत नाही, तिला तो फुकट मिळाला. तीन आठवड्यांच्या प्रचारात पैशाने मिळविलेली आघाडी एका संध्याकाळपुरती का होईना, शून्यावर येते.

पण सावध! व्यासपीठ कधीच फुकट नसते. त्याचा खर्च कुणीतरी केलेला असतो. ‘सर्वांसाठी’ म्हणून बोलावलेली सभा एकाच्याच सोयीची असेल, तर ती सभा नव्हे, ती लपविलेली देणगी आहे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने नभोवाणी केंद्रावर बंधन घातले की, एका उमेदवाराला वेळ दिला तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही तेवढीच संधी दिली पाहिजे. तेथील संघीय निवडणुकांत वादसभा भरविणाऱ्या संस्थेने कुणाची बाजू घेतलेली चालत नाही, आणि कुणाला बोलवायचे ह्याचे निकष आधीच ठरवावे लागतात. तसे केले तरच तो खर्च उमेदवाराला दिलेली देणगी ठरत नाही. आपल्या १७६व्या कलमाचा तर्कही तिकडेच नेतो. खर्च ‘एखाद्या उमेदवाराच्या निवडीसाठी’ झाला, तर त्याची परवानगी हवी आणि तो त्याच्या हिशेबात यायला हवा. सर्वांना सारखे बोलावून, सारखे बोलू देऊन, कुणाचाही पुरस्कार न करता केलेला खर्च हा कुणा एकाचा राहत नाही. म्हणजे येथे समानता ही केवळ नीतीची गोष्ट नाही, ती हिशेबाची गोष्ट आहे.

ह्या दृष्टीने मंडळांनी आणि युवक संघटनांनी काही पथ्ये पाळावीत.

पहिले, निमंत्रण सर्व उमेदवारांना लेखी, एकाच मजकुराचे, एकाच दिवशी द्यावे आणि पोच घ्यावी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवावे; सभेची व लाउडस्पीकरची परवानगी घ्यावी.

दुसरे, जागा. देवळाचा ओटा नको आणि आपले विहारही नको. आचारसंहिता धार्मिक स्थळी प्रचार करू देत नाही. आणि त्याहून मोठे कारण हे की, एका ठिकाणी आपली बाई पायरीशी अडते, दुसऱ्या ठिकाणी गाव येत नाही. परवानगी मिळवून शाळेचे पटांगण घ्यावे; ते कुणाच्या बापाचे नाही.

तिसरे, बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, घड्याळ सर्वांना दिसेल असे ठेवावे. उमेदवार स्त्री असेल तर तिनेच बोलावे. तिच्या वतीने नवरा, दीर वा पॅनेलप्रमुख उठला तर त्याला नम्रपणे खाली बसवावे. अडखळत बोलली तरी चालेल. अडखळण्याचा हक्कही पुरुषांनीच का राखून ठेवावा?

चौथे, प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत आणि प्रत्येक वस्तीतून घ्यावेत. अध्यक्षपद सेवेतील शिक्षकाला देऊ नये. त्याच्यावर नोकरीच्या शिस्तीची बंधने असतात, आणि पुष्कळदा मतदान केंद्राचे कामही त्याच्याकडेच येते. एखादे निवृत्त गुरुजी वा बाई पाहाव्यात. जो उमेदवार येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी, त्याची टवाळी करू नये.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, पैसा. उमेदवाराकडून, त्याच्या नातलगाकडून, ग्रामपंचायतीच्या ठेकेदाराकडून एक रुपयाही घेऊ नये. घरटी लहान वर्गणी काढावी आणि एका घराकडून जास्तीत जास्त किती घ्यायचे ते आधीच ठरवावे. चहा-फराळ ठेवू नये. पिण्याचे पाणी पुरे. सभा संपताना जमाखर्च त्याच लाउडस्पीकरवरून वाचून दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहावा. जी संघटना उमेदवारांकडे हिशेब मागते, तिने आपला हिशेब आधी मांडला पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा. तो आपल्या उमेदवारांच्या जिवाशी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब प्रमाणे, निवडणूक खर्चाचा हिशेब ठरल्या मुदतीत व ठरल्या रीतीने सादर केला नाही आणि त्याला सबळ कारण नसेल, तर उमेदवार पाच वर्षांसाठी अपात्र ठरविला जाऊ शकतो. ही मुदत निकालापासून तीस दिवसांची असते. हे बंधन निवडून आलेल्यावर आहे, तसेच पडलेल्यावरही आहे. आणि घात येथेच होतो. पन्नास हजारांची मर्यादा ओलांडून लाख उडविणाऱ्याकडे हिशेबनीस असतो. त्याचे कागद नीटनेटके आणि वेळेवर जातात. दोन हजार खर्च करून पडलेली मजूर बाई दुसऱ्या दिवशी कामावर जाते. ‘पडले तर हिशेब कसला?’ असे तिला वाटते. नोटीस येते, ती वाचून दाखवणारे कुणी भेटत नाही, आणि पुढच्या निवडणुकीचे दार तिच्यापुरते बंद होते. पैसा रोखण्यासाठी केलेला नियम ज्याच्याजवळ पैसा नाही त्यालाच अडवितो! अपात्रता काढून टाकण्याचा किंवा तिची मुदत कमी करण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण तिथवर जाण्यासाठी पुन्हा वकील आला, एस.टी.चे भाडे आले, मजुरी बुडणे आले.

नियम वाईट आहे म्हणून तो मोडा, असे आम्ही म्हणत नाही. हिशेबाचा नियम हवाच. उद्या लाखाची लबाडी पकडायची तर ती ह्याच नियमाने पकडता येईल. पण नियम सर्वांना सारखा आहे एवढ्याने न्याय होत नाही. तो पाळण्याचे बळ सर्वांना सारखे नसते. ते बळ पुरविणे हे चळवळीचे काम आहे. प्रत्येक वस्तीत एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने अर्ज भरल्या दिवसापासून उमेदवाराची वही लिहावी : तारीख, खर्च, पावती. आयोगाने खर्च भरण्यासाठी ‘ट्रू व्होटर’ नावाचे मोबाइल ॲपही आणले. ते वापरायला शिकावे. निकाल काहीही लागो, तिसाव्या दिवसाच्या आत हिशेब देऊन पोच आणावी. भाषणे करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वही लिहिणारे थोडे आहेत.

केनवड असो की आणखी कुठले गाव, तेथली मजूर बाई निवडून येईल की पडेल, हे गाव ठरवील. तो गावाचा अधिकार आहे. परंतु पडायचेच असेल तर तिने बोलून पडावे, गावाने तिचे ऐकून तिला पाडावे; आणि पुढल्या खेपेला पुन्हा उभी राहण्याची तिची वाट एका न दिलेल्या कागदापायी बंद होऊ नये. त्यासाठी लागतो एक सामायिक मंडप आणि एक चाळीस पानी वही. इतके तर आपण करू शकतो.